सातव्या भागाचा ताप

माणसाने हौसेपायी एखादं काम केलं तर ते गुपचूप करावं. चारचौघांत सांगितलं, की काम आपलं राहत नाही, त्याच्या तक्रारी मात्र आपल्या होतात. आणि तक्रार कधी एकटी येत नाही राव, सोबत एक किस्सा घेऊन येते. माझ्याकडे ते इतके साठलेत, की बायको म्हणते, "एकदा हे कुणाला तरी सांगून मोकळे व्हा, माझे कान किटले!"

तर मोकळा होतो.

मी चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला निगडीत. सुट्टीच्या दिवशी घरी बसून परदेशी मालिकांच्या मराठी डबिंगचे संवाद लिहितो. कथा माझी नाही, नट माझे नाहीत. पडद्यावरचा माणूस तोंड हलवतो, त्या तोंडात बसेल असं मराठी वाक्य शोधायचं, एवढंच माझं काम. पण हे मी एकदा कॅन्टीनमध्ये बोलून बसलो. तेव्हापासून सगळ्या कंपनीला मी 'रायटर साहेब'!

त्यात आला एका मालिकेचा सातवा भाग. एका छोट्या गावातली माणसं एकेक करून बदलली जातात. चेहरा तोच, आवाज तोच, लहानपणच्या आठवणीसुद्धा जशाच्या तशा. आतून मात्र दुसराच कुणीतरी. ओळखायची खूण एकच. बदललेला माणूस कधीच चिडत नाही. शेवटी नायक धावतपळत घरी येतो आणि बायकोला म्हणतो, "आपण आत्ताच्या आत्ता हे गाव सोडायचं." ती गोड हसते. म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं."

भाग संपला!

मूळ भाषेत ती नुसतं 'चालेल' अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. पण तिचं तोंड जरा जास्त वेळ हलत होतं, म्हणून मी तीन शब्द घातले. त्या तीन शब्दांनी मला काय भोगायला लावलं ते ऐका.

*

पहिला बळी आमच्या वेल्डिंग शॉपचा भालेराव. मूळचा बीडकडचा, कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्यासाठी जागा धरणारा. एका सकाळी बघतो तर चेहरा पांढराफटक.

"सायेब, घात झाला. बायको म्हनली, 'तुम्ही म्हणाल तसं'!"

झालं होतं असं, की सुट्टीत कुणाच्या गावाला जायचं यावर त्या दोघांचं दरवर्षी भांडण होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, भांडण एकदाही चुकलेलं नाही. यंदा भालेरावने छाती काढून सांगितलं, "यंदा माझ्याच गावाला जायचं!" आणि बायकोने ते वाक्य टाकलं. वर हसली.

"बारा वर्सांत असं बोलली नाय हो. लग्नाच्या दिवशीबी नाय!"

मी समजावलं, बाबा रे, ती मालिका आहे. ऐकेल तर शपथ! दोन दिवस तो बायकोकडे चोरून बघत राहिला. ती भाकरी थापतेय आणि हसतेय. कपडे वाळत घालतेय आणि हसतेय. तिसऱ्या दिवशी गड्याने हात टेकले. "तुझ्या माहेराला जाऊ, बाई. पन एकदा भांड माझ्याशी!"

माहेराला जाऊन आले. परत आल्यावर भालेराव बसमध्ये चढला तो माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर. मी वळून विचारलं, "काय रे, काय झालं?"

"त्यो भाग तिनं माझ्या आधी बघितला व्हता," तो म्हणाला. "दोनदा!"

*

त्यानंतर कुलथे सर. हे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांचा आवाज प्रेस मशिनच्या वर ऐकू येतो. त्यांनी 'अरे ए' सोडून कुणाला दुसरी हाक मारल्याचं मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ऐकलेलं नाही.

तर कंपनीने त्यांना कुठल्याशा ट्रेनिंगला पाठवलं. सहकाऱ्यांशी सौजन्याने कसं वागावं, असं काहीतरी. हे ऑपरेटर लोकांना कुठून माहीत असणार? त्यांना एवढंच दिसलं, की सोमवारी कुलथे सर लाइनवर आले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग. जरा तो ट्रे इकडे घ्याल का, प्लीज?"

लाइनवरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली!

दुपारपर्यंत पोरांनी परीक्षा घेतली. ओके मालाच्या ट्रेवर मुद्दाम रिजेक्टचं लाल लेबल लावून ठेवलं. एरवी एवढ्यावर छप्पर उडालं असतं. सरांनी लेबल पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "असू दे. माणसाकडून होतं असं."

मग चार जण माझ्या टेबलाशी. "रायटर साहेब, सातव्या भागातल्या माणसाला परत आणायचा उपाय काय असतो?" मी हात जोडले. म्हटलं, कामाला लागा, मलाही काम करू द्या.

संध्याकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सुरुवात गोड होती. "संजयजी, आपल्याबद्दल एक गोष्ट कानावर आली. आपण असं पसरवलंय म्हणे, की मी... परग्रहावरचा..." इथपर्यंत आले आणि ट्रेनिंग संपलं! "अरे ए! लाज वाटत नाही का? क्वालिटीला बसून माझी क्वालिटी काढतोस?" पुढचं लिहिण्यासारखं नाही. पाच मिनिटं ते बोलत होते. केबिनच्या काचा थरथरत होत्या.

आणि काचेबाहेर आख्खी लाइन उभी राहून टाळ्या वाजवत होती. कुणीतरी ओरडलं, "ओरिजिनल हाय रे, ओरिजिनल!"

शिव्या मी खाल्ल्या. टाळ्या त्यांना!

*

बाहेर हे, तर घरी माझी मुलगी मुक्ता. सातवीत आहे. तिने ठरवलं, की घरात प्रत्येकाने एकेका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय आत यायचं नाही. खरा माणूस कोण ते कळायला नको?

मी कंपनीतून दमून आलो, बेल वाजवली. दार फटीएवढं उघडलं, साखळी तशीच.

"बाबा, माझी तुकडी कोणती?"

"मुक्ता, दार उघड. पाठ मोडलीय माझी."

"तुकडी सांगा."

मी जरा आठवून पाहिलं. "ब."

आतून बायकोचा आवाज आला, "ड! अहो, पहिलीपासून ड आहे!"

आता मात्र मी ओशाळलो. पण मुक्ताने शांतपणे साखळी काढली आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, बाबाच आहेत! बदललेल्याला सगळं माहीत असतं!"

*

लोणकर गुरुजींना मी एकदाही भेटलेलो नाही. चिंचवडला राहतात, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, आणि माझा नंबर त्यांना कुणी दिला ते मला अजून सापडलेलं नाही. सापडला तर सोडणार नाही!

"तुम्हीच ना ते सातव्या भागाचे लेखक?"

"लेखक नाही हो, मराठी संवाद फक्त..."

"सुरुवातीला सरपंच एका माणसाशी बोलतो. त्याचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही. तिथे तुम्ही काय दाबलंत?"

मी म्हटलं, "गुरुजी, काही दाबलं नाही. मराठी वाक्य लवकर संपलं."

"वाक्य संपलं, मग ओठ का हलतात?"

"मूळ वाक्य लांब होतं म्हणून."

"म्हणजे जे उरलं ते तुम्ही दाबलंत!"

झालं, माझंच वाक्य माझ्या गळ्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. आता त्यांनी तो तुकडा अकरा वेळा बघितला होता आणि ओठांवरून शब्द वाचायचा प्रयत्न केला होता. हे कुणाच्या सांगण्यावरून केलं, आधी कुठे कुठे असं केलंय, आम्हा प्रेक्षकांपासून काय लपवताय? तिसऱ्या दिवशी मी वैतागून जुनी फाइल उघडली आणि मूळ वाक्य शोधून त्यांना शब्दशः सांगितलं.

"गुरुजी, मूळ भाषेत सरपंच म्हणतो, 'या, बसा, काय घेणार, चहा की कॉफी?' मी मराठीत फक्त 'बसा' लिहिलं."

पलीकडून वेगळाच प्रश्न आला.

"तुम्ही मूळचे कुठले?"

"पुण्यातला. सदाशिव पेठ."

"मग ठीक आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

*

सगळ्यांत कमी त्रास दिला तो आण्णांनी. शांताराम आण्णा पुनावळ्याचे. पूर्वी शेती होती, आता कंपनीला बस पुरवतात. कधीमधी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून येतात.

"बघितला तुमचा भाग," एकदा मागे वळून म्हणाले. "काय पटला न्हाई."

मी मनाची तयारी केली. "काय नाही पटलं, आण्णा?"

"आख्खं गाव बदाललं म्हनता. मग सातबाऱ्यावर नाव कुनाचं? त्ये दावलंच न्हाई!"

"आण्णा, ती भीतीची गोष्ट आहे हो."

"त्यात भ्यायचं काय?" बाहेर टॉवरच्या मागे टॉवर चालले होते, तिकडे त्यांनी हात केला. "आमी गावातच हाय. पन सकाळी फिराया निघालो तर रामराम घालाया वळखीचं मानूस घावत न्हाई. त्याची कुनी मालिका काढली का?"

मी त्या टॉवरांकडे बघितलं. आण्णा मात्र पुढे बघत ड्रायव्हरला म्हणाले, "हान रं, हान. पंचिंगला उशीर हुईल पोरांना."

*

आणि हे जगदाळे काका. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. घरात दोघंच, ते आणि शालूकाकू.

काकू म्हणजे आमच्या बिल्डिंगचा भोंगा. काकांनी टॉवेल पलंगावर टाकला, की तिसऱ्या मजल्याला कळायचं. काकांनी चष्मा हरवला, की पार्किंगला कळायचं. मग गेल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणंही आलं. पण काकू गप्प झाल्या. बसा म्हटलं की बसायच्या, जेवा म्हटलं की जेवायच्या. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, वेळ लागेल.

हे सगळं मला माहीत होतं. तरी बघा.

काका रोज जिन्यात मला गाठायचे. "संजय, त्या सातव्या भागातली बायको. पुढे ती पहिल्यासारखी होते का रे?"

"काका, आठवा भाग अजून माझ्याकडे आलेला नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. "पण तूच लिहितोस ना? मग तसं लिही की." तोवर भालेराव झाला होता, कुलथे सर झाले होते, गुरुजींचा फोन होऊन गेला होता. माझा तोल सुटला. "काका, मालिका आहे ती! बदललेलं माणूस परत येत नाही. संपलं!"

"बरं," काका म्हणाले आणि हळूहळू जिना उतरले.

घरात आलो तर बायको दारातच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. "काका मालिकेचं विचारत होते, असं वाटलं तुम्हाला?"

मी तसाच खाली गेलो. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे, पायात बाहेरच्या चपला! काकू समोर खुर्चीवर. काकूंच्या स्वयंपाकघरात चपला म्हणजे केवढा गुन्हा, ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक. काकूंनी चपलांकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"रोज घालतो," काका मला हळूच म्हणाले. "म्हटलं, एखाद दिवशी चिडेल."



पुढे दोन-अडीच महिने गेले असतील. कंपनीत कस्टमरचं ऑडिट चालू होतं. समोर तीन ऑडिटर, शेजारी कुलथे सर, आणि माझा फोन थरथरायला लागला. जगदाळे काका. मी कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तसा उठलो. सरांच्या डोळ्यांतली आग अंगावर घेत बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो.

"काका, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"ऐक," काका कुजबुजले. "ठेवू नकोस. नुसतं ऐक."

मग लांबून, जरा अडखळत, पण टिपेचा आवाज आला.

"...चपला! स्वयंपाकघरात चपला? लाज वाटते का काही? आणि कोण आहे फोनवर? संजय? अहो, तो कामावर असेल! लोकांना कामधंदे असतात! ठेवा तो फोन! ठेवा म्हणते ना!"

काकांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.