डोंगराला विचारणारा

“किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातचं काही घेऊ नये, तो मासे मोजतानासुद्धा खोटं बोलतो,” असं मेल्कियानुस एकदा माझ्या तोंडावर म्हणाला. माझी आई किनाऱ्यावरची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सेराम बेटाच्या पोटात आमचं गाव आणि गावाच्या डोक्यावर डोंगर. पांढरा, सुरीसारख्या धारांचा. कितीही पाऊस प्याला तरी थेंब परत देत नाही. वर फारसं कुणी जात नाही. जायचं असलं तर डोंगराला विचारावं लागतं, आणि विचारण्याचा मान मेल्कियानुसच्या घराण्याचा. वाटेच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे. सुपारी, विड्याच्या वेलीची शेंग आणि चुना चघळून विचारणारा त्यावर थुंकतो. पिंक लाल पडली तर जा. मळकट पडली तर घरी बस. चुना मात्र किनाऱ्यावरून आलेला, शिंपल्यांचाच हवा. डोंगराचा दगड भाजून केलेला चालत नाही. ज्याला विचारायचं त्याचीच हाडं चावून कसं विचारणार?

मेल्कियानुसला कुणीच पसंत नव्हतं. पाद्री त्याच्या मते कोंबडीच्या रश्श्यासाठी प्रार्थना करायचा. डोंगर चढायला येणाऱ्यांबद्दल तो म्हणायचा, “यांच्या घरी जिना नसेल.” लेकीचा नवरा ओबेट त्यांची ओझी वाहायचा, म्हणून तो बैल. असल्या माणसाच्या पुढ्यात आम्ही वर्षानुवर्षं उकिडवे बसलो, कारण थुंकायचा हक्क त्याचा होता.

अलीकडे त्याची पिंक नेहमी लालच पडायची. पूर्वी असं नव्हतं. पण गावाला ते सोयीचं होतं. चढणारे आले की ओझी मिळत, आणि ओझी मिळाली की आमच्या माना आपोआप डोलत.

त्या खेपेला अंबोन शहरातून तीन विद्यार्थी आले. ढग पार गावाजवळच्या सागोच्या माडांपर्यंत उतरले होते.

“बापा, वरचा दगड ओला असेल,” ओबेट म्हणाला.

“चाटून आलास का?”

मेल्कियानुस चघळत राहिला, मग थुंकला. लाल.

“बघ. डोंगराला तू आवडतोस. त्याचीही आवड तसलीच.”

ओबेटनं ओझं उचललं.

ओबेटला बांबूंवर बांधून खाली आणलं. कड्याच्या धारेवर पाय सटकला होता. नडगी हाडापर्यंत उघडी पडली होती आणि पाऊल काळं पडत चाललं होतं. विद्यार्थी दवाखान्यातल्या माणसाला आणायला खालच्या गावाकडं धावले. बायकांनी ओबेटला सासऱ्याच्याच घरात चटईवर निजवलं. पाणी तापवायला सरपण हवं, म्हणून त्याची बायको सेल्फिना बापाच्या घरामागं गेली. परत आली ती हातात एक दगड घेऊन. अर्धा भाजलेला, कडेनं भुगा होत असलेला, पांढराफटक.

तिनं तो बापाच्या पायाशी ठेवला.

“हे काय?” तिनं विचारलं.

“दगड.”

“सरपणाखाली भट्टी आहे, बापा. खड्डाभर डोंगराचेच दगड आहेत.”

“डोळे आईवर गेलेत तुझे. उशिरा का होईना, दिसतं.”

“कधीपासून?”

“किनाऱ्यावरचे चोर चुन्यात राख मिसळायला लागले तेव्हापासून. कधी राख, कधी ओल. त्यांच्या घाणीनं मी माझ्या डोंगराशी बोलू?”

कोपऱ्यातली म्हातारी युलियाना म्हणाली, “त्या घाणीमुळंच तर तो अधूनमधून नाही म्हणायचा, मेल्की. तू त्याचं तोंडच शिवून टाकलंस.”

“आणि तुम्ही? लाल बघून दात विचकत होतात ना सगळे? ओझी उचललीत ना? मग चुना कसला होता ते आज विचारता होय?”

त्या घरात तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि तेही त्यानं थुंकल्यासारखं टाकलं.

सेल्फिना माझ्याकडं वळली. “तुझ्याकडचा चुना मामाकडचा, किनाऱ्यावरचा आहे?”

मी कमरेची चुन्याची तुंबडी सोडून तिला दिली. तिनं बापापुढं सुपारी ठेवली, शेंग ठेवली, शेजारी तुंबडी ठेवली. मग घराबाहेरचा एक सपाट धोंडा आणून मध्ये मांडला.

“आता ह्यानं विचारा. ओबेटचा पाय राहील का.”

ओबेट जागा होता. मान वळवून तो सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होता, तहानलेला माणूस पखालीकडं बघतो तसा.

मेल्कियानुसनं तुंबडी उचलली, झाकण काढून वास घेतला. त्याचा ओठ वाकडा झाला. आता किनाऱ्यावरच्यांचा उद्धार होणार, माझ्या आईचाही होणार, म्हणून आम्ही वाट बघत बसलो. खरं सांगायचं तर शिवी ऐकायला मिळाली असती तर बरंच वाटलं असतं. बोटाच्या टोकावर त्यानं चिमूटभर चुना घेतला. बोट तोंडापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. भट्टी लागल्यापासून पहिल्यांदाच समोरून ‘नाही’ येऊ शकत होतं.

“विचारा, बापा,” ओबेट म्हणाला.

म्हाताऱ्यानं बोट लुंगीला पुसलं. तुंबडीचं झाकण लावलं आणि ती जिथली तिथं ठेवली. मग उठला, जावयाच्या पायाला वळसा घातला, दारात वाकला आणि बाहेर निघून गेला.