पहिली भाकरी मोजत नाहीत

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका लोखंडी डब्याच्या भोकांची नावं तपासायचं. हसू नका. शेवटचं म्हणून काय करायचं हे माणसाच्या हातात असतं तर मी तिला जोतिबाला नेलं असतं, नाहीतर निदान निपाणीच्या स्टँडाजवळ गरम जिलेबी तरी खाऊ घातली असती. पण ते आधी कुणी सांगत नाही. दिवाळी होऊन गेली होती. सकाळचं कोवळं ऊन सोप्यात आलं होतं. सतरंजीवर मधे तो डबा, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझी बायको अक्काताई, डोळ्यांवर चष्मा आणि हातात कागद.

डबा आमच्या थोरलीचा, म्हणजे विद्याचा. ती बेळगावात एका कंपनीत आहे. मशिनं बनवत नाही, मशीन कसं वापरायचं त्याची पुस्तकं लिहिते. असल्याही कामाला पगार मिळतो हे मला लई दिवस खरं वाटलं नव्हतं. सुट्टीला आली तेव्हा ती पुस्तकाचं काम आणि खरा डबा दोन्ही घेऊन आली. त्याला ती स्विच म्हणायची. मी म्हटलं, ह्याला बटण कुठाय? ती म्हणाली, "आप्पा, बटणाचा न्हवं. लांब लांब ठेवलेल्या मशिनींची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवतो ह्यो. एकाचं घड्याळ केसभर बी पुढं-मागं झालं तर सगळा घोळ." आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढं असतं. ते अक्काताईनं मुद्दाम तसं ठेवलेलं. ती म्हणाली, "ह्यास्नी म्हणावं आमचंबी जुळवा जरा."

त्या डब्याच्या तोंडावर एका रांगेत अठरा भोकं. पोर्ट म्हणतात त्यांना. वायरी त्यात घालायच्या. डब्यावर छापलेले आकडे एकपासून अठरापर्यंत. पण आत जो प्रोग्राम चालतो तो मोजायला शून्यापासून सुरुवात करायचा, आणि पुस्तकातसुद्धा तीच नावं. म्हणजे डब्यावर जे एक, ते पुस्तकात शून्य. डब्यावर दोन, पुस्तकात एक. गिऱ्हाईक डब्यावर बघून वायर घालायचं आणि पुस्तक बघून हुकूम द्यायचं. पाच नंबर बंद करायला जायचं, शेजारचं बंद पडायचं. शेवटी कंपनीनं ठरवलं, सगळ्या पोर्टांची नावं बदलायची आणि एकपासून मोजायचं. पुस्तकात जिथं जिथं जुनं नाव असेल तिथं नवं घालायचं काम विद्याकडं. ते तिनं केलं होतं. आता एकानं कागद वाचायचा, दुसऱ्यानं डब्यावर बोट ठेवायचं, एवढी तपासणी उरली होती. त्याला शिकलेलं माणूस लागत नाही. मी चौथी, अक्काताई सातवी. आम्हाला बसवलं.

ती वाचायची, "जुनं अमुक, नवं तमुक." मी भोकावर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, हां. खरं सांगतो, मी आकडे बघतच नव्हतो. मुंगीएवढे छापलेले ते. एक नाव, एक भोक, एक हां. तंबाखूच्या वखारीत मी आयुष्यभर अशीच पोती मोजली. शेवटाला कागद संपला आणि माझ्याकडं एक भोक उरलं.

अक्काताई म्हणाली, "कंपनीनं एक जास्तीचं दिलंय बघा."

विद्या आतून आली. "आई, कुठनं सुरू केलंस वाचायला?"

"वरनं."

"वरनं कुठं? पहिल्या ओळीवर तर अंगठा ठेवलायस."

अक्काताईनं अंगठा उचलून बघितला. म्हणाली, "पहिली मोजत न्हाईत."

विद्या हसून खाली बसली. "भाकरी हाय व्हय ती?"

ह्यातलं आमच्या घरच्या माणसाला कळेल, तुम्हाला सांगावं लागेल. आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरी गाईची. ती बाजूला काढायची आणि मोजायची नाही. आज किती भाकऱ्या केल्यास म्हणून विचारलं की जो आकडा सांगायचा तो दुसरीपासूनचा. गाय विकून किती वर्षं झाली, तरी अक्काताई पहिली बाजूला काढायचीच. गल्लीत फिरती गाय आली तर तिला, नाहीतर सांजच्याला मी ती दुधात कुस्करून खायचो. मी एकदा म्हटलं होतं, अगं गाय न्हाय, गोठा न्हाय, मग ही कशाला? "असू दे," म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. चार घास मलाच मिळत होते.

तर विद्या तिला समजावून सांगायला लागली. पोरगीचा धंदाच तो, समजावून सांगायचा. म्हणाली, "आई, शून्य म्हणजे काय न्हायच असं न्हवं. ते बी बाकीच्यासारखंच पोर्ट हाय. त्यात बी वायर जाते. त्याचा बी दिवा लागतोय. उलट सगळ्याच्या आधीचं तेच. फकस्त त्याला शून्य म्हणत होते, म्हणून माणसं त्याला सोडून मोजायची. आता त्याला एक म्हणायचं. आणि एक हुतं ते दोन."

अक्काताई कागदाकडं बघत राहिली. मग विद्याकडं बघितलं. म्हणाली, "म्हंजे तू दोन नंबरची."

विद्याला वाटलं, आई कायतरी थट्टा करतेय. "व्हय, आणि सुरेखा तीन," असं म्हणून ती कागद घेऊन आत गेली. सुरेखा आमची धाकटी. मी डब्यावरचं बोट काढलं नाही... काढायचं सुचलंच नाही.

विद्याच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. बारा दिवस पुरे व्हायच्या आत गेला. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नाही. आमच्यात अशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या वडलांनी फडक्यात गुंडाळून नेला, मी मागं चालत गेलो. बाईमाणसानं यायचं नसतं, म्हणून अक्काताई घरात. परत आल्यावर माझ्या आईनं दाराशी पाणी दिलं आणि म्हणाली, ह्याचं आता नाव काढायचं न्हाय, मोजायचं न्हाय, पुढच्याला बाधतं. तिनंसुद्धा तिच्या सासूचं ऐकलेलं सांगितलं असणार. मी कुणाला दोष देत नाही. त्या वेळी घरोघरी असं एखादं होतं आणि घरोघरी हाच नियम. मग विद्या झाली आणि ती थोरली झाली. दवाखान्यात, शाळेत, जनगणनेला, कानडी मास्तर दारात वही घेऊन आला तरी, मुलं किती विचारलं की अक्काताई माझ्याकडं बघायची आणि मी म्हणायचो, दोन मुली. ह्या गोष्टीवर आमचं कधी भांडण झालं नाही. बोलणंच झालं नाही तर भांडण कुठलं. भांडणं दुसऱ्या लई गोष्टींवर झाली. ती तोंडाची फटकळ आणि मी तिच्याहून. वखारीतनं आलो की अंगाला तंबाखूचा वास यायचा, तर हातपाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. "तुमच्यापरीस पोतं बरं, ते दारात तरी गप बसतं," म्हणायची.

त्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्यापासून तपासलं. ह्या खेपेला मी आकडे बघून बोट ठेवलं. तिनं पहिली ओळ वाचली, "जुनं शून्य, नवं एक." जरा मोठ्यानं वाचली. अठराला अठरा जुळलं. मग ती उठली, न्हाणीपाशी हात धुताना मला म्हणाली, "तुमी ऐकलंसा न्हवं?"

मी म्हटलं, "ऐकलं."

"मग झालं," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एवढंच. मला वाटलं, ह्यावर आणखी बोलू कधीतरी... पोरगी बेळगावला परत गेली की. तिला काय बोलायचं होतं, का बोलून झालं होतं, ते मला आता कळायची सोय नाही. दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना तिच्या छातीत कळ आली. विद्या घरात होती म्हणून रिक्षा तरी लगेच मिळाली. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. दवाखान्याच्या फाटकातनं आत वळताना ती गेली. हातात कपड्याचा चिमटा तसाच होता. तो मी खिशात घातला, नंतर दोरीला परत लावला.

गल्लीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. तिचा लग्नातला फोटो मोठा केलेला, त्यात ती ओळखू येत नाही. खाली नावं. पती, मग थोरली मुलगी, धाकटी मुलगी, जावई. मी तिथं उभा राहून वाचला. पोरांनी प्रेमानं लावलेला, त्यात काय बोलणार. पण मला तो कागदासारखाच दिसला, पहिल्या ओळीवर अंगठा ठेवलेला.

कार्य झालं. सुरेखा इचलकरंजीला गेली, तिची पोरं शाळेची. विद्या आणखी थोडी राहिली, इथनंच काम करत होती. जायच्या आदल्या सांजंला डबा खोक्यात भरता भरता तिनं विचारलं, "आप्पा, आई मला दोन नंबरची का म्हणाली?"

तिला थट्टा वाटली नव्हती म्हणायची. इतके दिवस धरून ठेवलं होतं तिनं. मी सांगितलं. लई लांबण लावली नाही, मला लावता येत नाही. एक भाऊ होता तुला, तुझ्या आधी, असं सांगितलं. तिनं हातातला डबा परत खाली ठेवला. मग म्हणाली, "दिसायला कसा हुता?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "कान तुझ्यासारखं. बाहेर आलेलं."

ती कानाला हात लावून बसली. म्हणाली, "मग आता मला थोरली म्हणू नका."

"म्हणणार. माझी जीभ आता वळायची न्हाय. बेळगावाचं बेळगावी केलं तरी मी कंडक्टरला बेळगावच म्हणतो, आणि त्यो बी बरोबर तिकीट देतोय."

तेव्हा ती हसली, रडत रडत. म्हणाली, "म्हणा मग. आम्ही बी पुस्तकातनं जुनी नावं पुसली न्हाईत आप्पा. नव्या नावाशेजारी लिवलंय, पूर्वी ह्याला काय म्हणत हुते. न्हायतर जुन्या माणसांनी जायचं कुठं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं तिला बसवून दिलं. मला चल म्हणत होती, मी नको म्हटलं. घरी आलो तर सतरंजीवर जिथं तो डबा ठेवलेला असायचा तिथं चौकोनी ठसा उमटलेला. घरात आवाज फक्त घड्याळाचा, आणि तेसुद्धा दहा मिनिटं पुढं. बाईमाणूस गेल्यावर घर खायला उठतं म्हणतात. तसं काही नाही. घर गप बसतं. तेच वाईट. मी दारात चपला काढल्या, हातपाय धुतले, मग आत गेलो. कुणी अडवणार नव्हतं तरी.

शेजारणी ताट झाकून देतात. किती दिवस देतील आणि आपण किती दिवस घ्यायचं. म्हणून आज सकाळी मी स्वतः परातीत पीठ घेतलं. भाकरी थापायला मला कधी आली नाही. पीठ आधी सैल झालं, मग घट्ट, कडा फाटल्या, तव्यावर टाकताना अर्धी दुमडली. ती बघून अक्काताई काय म्हणाली असती ते इथं लिहिण्यासारखं नाही. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली, पण झाली. मी ती तव्यावरनं काढली आणि ती ठेवायची तिथंच, चुलीच्या डाव्या अंगाला पितळीत ठेवली. मग दुसरीचा गोळा हातात घेतला... आणि तसाच परत परातीत ठेवला. पितळीतल्या भाकरीवर बोट ठेवलं. चटका बसला, पण काढलं नाही. घरात मी एकटाच होतो, तरी जरा मोठ्यानं म्हणालो, एक.

मग दुसरी थापायला घेतली.