शेवटच्या गाडीची काठी

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सोनईकडचा रस्ता उकरला होता, तेव्हा उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून आळीपाळीनं गाड्या सोडत. या टोकाला तोंडाला स्कार्फ बांधलेली एक बाई उभी असायची. शेवटच्या गाडीवाल्याकडं ती लाल फडक्याची काठी द्यायची. ती काठी पलीकडच्या माणसाला मिळाली, की तो तिकडच्या गाड्या सोडायचा.

उसाचे ट्रॅक्टरवाले खोळंबून हॉर्न वाजवायचे. ती म्हणायची, "दाजी, हार्न वाजवून रस्ता व्हतो व्हय?" मला मात्र रोज, "बाबा, दमानं जावा. घरी वाट बघत्यात." माझ्या घरी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. तेवढं ऐकायला मी मुद्दाम मागं राहून शेवटचा व्हायचो.

एकदा मधेच ओळखीच्यानं चहाला हाक मारली. स्कूटरला अडकवलेली काठी विसरून मी त्याच्या मळ्यात वळलो. दोन्हीकडं गाड्या तुंबल्या. तू काठी दिलीच नाहीस, म्हणत मुकादमानं तिला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मला हे कळलं, तरी मी गप्प राहिलो.

आता रस्ता रुंद झालाय, कुणी थांबवत नाही. मी तिथं अजून स्कूटर हळू करतो. ती दिसली असती तर म्हटलं असतं, "बाई, काठी माझ्याकडं होती. चूक माझी होती. मला माफ करा."