भात कापल्यानंतरचं मचाण

मुठा गावाच्या रस्त्यालगत भातखाचराच्या बांधावर एक आंबा आहे. रानडुकरांपासून राखणीसाठी त्यावर बांधलेल्या मचाणावर एक म्हातारा रोज दिसायचा. बुडाखाली जुन्या जीपची गादी, हाताशी बडवायला पत्र्याचा डबा. चहासुद्धा सून दोरीला किटली बांधून वर पाठवायची.

भात कापून घरी गेलं, तरी म्हातारा वरच. शेवटी न राहवून मी गाडी थांबवली.

"मामा, आता कसली राखण करताय?"

"राखण कसली! घरात खाटंवर बसलो तर कुत्रं इचारत न्हाई. हितं बसलो की सरपंचबी मान वर करून बोलतोय."

मी खो खो हसलो. मग म्हाताऱ्यानं मला पीकपाण्यापासून गावच्या राजकारणापर्यंत सगळं ऐकवलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मान का धरलीय तुमची?"