लाल बाही

भिलाईच्या कारखान्याचे नुसते खांब उभे राहत होते, तेव्हा बाबा तिथे खलासी होते. म्हणजे खाली उभं राहून हातांच्या खुणांनी क्रेनवाल्याला सांगायचं, वर घे, डावीकडे ने, थांब. एवढं मोठं लोखंड आपल्या बोटांवर चालतं याचा त्यांना भरपूर गर्व होता. मग एक दिवस तारेच्या दोरात सापडून त्यांचा डावा हात मनगटाच्या वर तुटला.

दवाखान्यातून परतल्यावर त्यांना शेडमध्ये पाण्याच्या मडक्यापाशी बसवलं. हलकं काम, पगार तोच. सगळे त्यांच्याशी गोड बोलायचे आणि बाबा घरी येऊन कुणाशीच बोलायचे नाहीत. "पानी पाजाले आलो का मी भंडाऱ्याहून?" एवढंच एकदा म्हणाले. आईनं त्यांच्या शर्टांच्या डाव्या बाह्या लांब करून टाकल्या. पावर हाउस भागातल्या बाजारात जाताना मी त्यांच्या उजव्या बाजूनं चालायची. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

सव्वीस जानेवारीला मैदानात खात्याखात्यांची रस्सीखेच असायची. त्या वर्षी खलाशांच्या टीमचा शेवटचा गडी तापानं पडला. शेवटच्या गड्याचं काम वेगळं असतं. दोर काखेखालून काढून खांद्यावर घ्यायचा, टाचा रोवायच्या आणि पाठीनं ओढायचं. बाबा लोकांतून उठले, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि दोर अंगावर घेतला. दोन टीमना त्यांनी लोळवलं. तिसऱ्या वेळी हरले, तेही म्हणे पुढचा गडी घसरला म्हणून. पुढच्या गड्याचं म्हणणं मला माहीत नाही.

बक्षिसाच्या वेळी बांधकामाच्या मोठ्या साहेबांनी जिंकलेल्यांना कप दिला आणि मग एकट्या बाबांना बोलावून हिमतीबद्दल पितळेचा लोटा पुढे केला. टाळ्या कपापेक्षा लोट्याला जास्त पडल्या. आईला तो लोटा फार आवडला होता, हे मी तिच्या तोंडाकडे बघून सांगू शकत होते.

बाबांनी हात पुढे केला नाही. "हारलेल्या टीममंधून एकट्या मलेच कावून, साहेब? द्याचं असन तं माह्यं काम द्या."

साहेब नागपूरकडचेच होते, ही बोली त्यांच्या कानातली होती. चिडले नाहीत. म्हणाले, "बाकीच्या खुणा एका हातानं होतील. पण धोका दिसला की दोन्ही हात हलवावे लागतात, आणि ते वरून दिसले पाहिजेत. सोमवारी करून दाखवा. दिसले नाहीत तर मडकं आहेच."

क्रेनवाला आमच्याच घरांच्या रांगेत राहायचा. रविवारी तो आमच्या टिनाच्या छपरावर चढून बसला आणि बाबा अंगणात खुणा करू लागले. शेजारपाजारचे हसत होते. थोड्या वेळानं तो वरून म्हणाला, "वयनी, बाही कायले एवढी लांब ठेवली? मले काई दिसून नाही राह्यलं." आई आत गेली, कात्री घेऊन आली. बाही कोपराशी कापली आणि आपल्या लाल लुगड्याचा तुकडा डाव्या हाताच्या उरलेल्या भागाभोवती बाहीसारखा घट्ट शिवून दिला. अंधार पडेपर्यंत क्रेनवाला छपरावरून उतरला नाही. त्याच्या सुट्टीचा दिवस होता. आम्ही कुणीच त्याचे आभार मानले नाहीत, ते मी आज मानते.

पुढच्या काळात बाबा कामावर जखमी झालेल्या आणखी तिघांना एकेक करून त्याच साहेबांच्या टेबलापुढे घेऊन गेले. "आंधी काम देऊन पाहा, मंग मडकं दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिघांनाही आपापलं काम परत मिळालं. पण हे सगळं त्या सोमवारावर अवलंबून होतं.

सोमवारी आई आणि मी रुआबांधा वस्तीच्या बाजूनं कुंपणाबाहेरच्या मातीच्या ढिगावर चढलो. आत शेकडो माणसं, सगळ्यांचे शर्ट धुळीनं एकाच रंगाचे. मला बाबा सापडेनात. आईनं माझी मान धरून वळवली. "थो लाल हात पाह्य. थेच तुहे बाबा."

लोखंडाचा लांब गर्डर सावकाश वर गेला, वळला. तेवढ्यात साहेबांनी काहीतरी सांगितलं असावं, कारण बाबांनी एकदम दोन्ही हात हलवले. गर्डर होता तिथेच हवेत थांबला.

आई ढिगावरच रडू लागली. इतके दिवस जो हात तिनं झाकला होता, त्याच हातावरून तिनं त्यांना ओळखलं होतं.

सुट्टीचा भोंगा झाला तसे बाबा फाटकातून बाहेर आले. मी धावत गेले आणि त्यांच्या डाव्या बाजूनं घरी आले.