विनाअपेक्षा वधू-वर मेळावा

नवी पेठेत मायाक्कांचं वधू-वर सूचक केंद्र आहे. जिचं स्वतःचं लग्न वर्षभरही टिकलं नाही ती बाई दुसऱ्यांची लग्नं जुळवते, यावर गल्लीत भरपूर हसून झालंय. मायाक्का म्हणतात, "कुटं मोडतं ते मला म्हाईत हाय की!" माहेर सांगोल्याकडचं, घरी मेंढरं. त्यामुळे स्थळ पारखताना मुलाचे दात तपासायचे तेवढे बाकी ठेवतात.

मध्यंतरी त्यांनी सगळी स्थळं कॉम्प्युटरवर घेतली आणि त्या कामाला मृत्युंजयला ठेवलं. हा अक्कलकोटचा, पुण्यातल्या नोकरीला कंटाळून आपल्या जिल्ह्यात परतलेला. त्यानं डॉक्युमेंट डेटाबेस निवडला. त्यात प्रत्येक नोंद आपल्या मर्जीची. एकाच्या नोंदीत पत्रिका असते, दुसऱ्याच्या नोंदीत पत्रिकेचा रकानाच नसतो, तरी डेटाबेस कुरकुर करत नाही.

"सोयऱ्यांपेक्षा बरा हाय की ह्यो," मायाक्का म्हणाल्या.

एके दिवशी त्या खुशीत आल्या. "ज्यांची कायबी अपेक्षा न्हाय अशी स्थळं काढ. त्यांचाच मेळावा घेऊ. कुणालाबी कुणासमोर बसवलं तरी जमंल."

नव्या स्थळांनी माहिती भरायला त्यानं केलेल्या अ‍ॅपमध्ये 'काही अपेक्षा नाही' असं बटण होतं. ते दाबलं की 'अपेक्षा' या रकान्यात 'नल' साठायचं, म्हणजे मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा. मृत्युंजयनं 'अपेक्षा नल' असलेल्या नोंदी मागवल्या. नावं भलतीच जास्त आली. जिल्ह्यात एवढे संत कुठून आले, अशी शंका त्याला चाटून गेली. पण मायाक्का तोवर हॉल ठरवायला निघूनही गेल्या होत्या.

मेळाव्यात माइक आधी माळशिरसच्या अभिमन्यूकडे गेला. "मुलगी सरकारी नोकरीत पाहिजे. म्हशीची धारही तिनंच काढायची." मग करमाळ्याची अंकिता उठली. "नवरा पुण्यात पाहिजे, सासू नातेपुत्यात." एका मामांनी तर भाच्यासाठी उंचीपासून सुरुवात केली ती मुलीच्या भावाच्या पगारावर आणून थांबवली.

मायाक्कांनी मृत्युंजयला दंडाला धरून हॉलच्या स्वयंपाकघरात ओढलं. "ह्ये विनाअपेक्षा व्हय रं?"

त्यानं उप्पिटाच्या पातेल्याशेजारी लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. नल मागितलं की हा डेटाबेस दोन्ही प्रकारची माणसं देतो: रकाना रिकामा ठेवलेली आणि मुळात रकानाच नसलेली.

"अक्का, ही जुनी स्थळं आहेत. यांनी अपेक्षा नाही असं म्हटलेलंच नाही. यांना कुणी विचारलंच नाही."

"का न्हाय इचारलं?"

"तुमच्या जुन्या फॉर्मवर तो प्रश्नच नव्हता."

फॉर्म मायाक्कांनीच छापून घेतला होता. त्यांनी उप्पिटावर झाकण ठेवलं. "बरं. आता नीट काढ."

रकाना आहे आणि त्यात नल आहे, असं त्यानं नेमकं विचारलं. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच नावं उरली. त्यातलं हॉलमध्ये आलेलं एकच: मंगळवेढ्याची सृष्टी.

मायाक्का माइक घेऊन थेट तिच्यापुढे उभ्या राहिल्या. "पोरी, तुजी खरंच कायबी अपेक्षा न्हाय?"

सृष्टीनं शेजारी बसलेल्या आईकडे, केराबाईंकडे, पाहिलं. "लिहिलं की आई वाचते. म्हणून बटण दाबून मोकळी झाले."

"मग आता बोल की."

"माझ्या शेळ्या आहेत. त्यांना सोडून मी कुठं जाणार नाही. नवऱ्यानं आमच्याकडं राहायला यावं."

केराबाईंनी तोंडावर पदर घेतला. कुणीतरी शिट्टी मारली. मायाक्कांनी शिट्टीच्या दिशेनं असं पाहिलं, की पुढच्या रांगेतला एक निष्पाप काकाही सावरून बसला.

मागून एकजण उठला. इंद्रजीत. जनावरांची औषधं घेऊन गावोगाव फिरणारा.

"शेळ्यांना नावं ठेवलीत का?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना."

"मग ओळख करून द्या. यायचं की नाही ते त्यानंतर सांगतो."

पुढच्याच आठवड्यात तो मंगळवेढ्याला गेला. एका बोकडानं त्याच्या शर्टाची बाही खाल्ली, तरी चहा घेऊनच उठला. "मुलगा सासरी चालला" म्हणून त्याची आई मथुराबाई महिनाभर रुसली; मग स्वतःच लग्नाला हौसेनं पैठणी नेसून आली आणि मांडवात वरमाईचा मान मागून मोकळी झाली. केराबाईंनी तो दिला, पण आधी विहिणीला गोठा दाखवून.