माझ्या अक्षरातला समझोता

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मला राग येतो. तो रस्त्यात दिसला तर मी थुंकून पुढे जाईन, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. ती सांगायची तर आधी बैठकीचं सांगावं लागेल.

बहिणीचं सासर फुलंब्रीकडचं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मुलगी पाच वर्षांची होती. एका सकाळी बहीण लेकीला घेऊन एसटीनं आमच्याकडे संभाजीनगरला आली. डाव्या कानातून पाणी येत होतं, आणि त्या बाजूनं हाक मारली तर तिला कळत नव्हतं. नवऱ्यानं कानशिलात मारली होती. कारण विचारू नका. मारणाऱ्याला कारण लागत नाही, हाताला लागेल ते त्याला चालतं.

पाचव्या दिवशी सासरची माणसं बैठकीला आली. आमच्याकडे रीतच आहे. पोलिसांत जाण्याआधी चार मोठी माणसं बसतात, पोहे-चहा होतो आणि शेवटी एक कागद होतो. जावयाकडून त्याचे मामा बोलत होते आणि आमच्याकडून बाबा मान हलवत होते. मामा एक नंबरचे गोडबोले. "भांड्याला भांडं लागतंच की, पाव्हणं," असं ते तीनदा म्हणाले. भांड्याला भांडं लागलं की पोचा दोन्हीकडे पडतो, यांच्या भाच्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता उठता-बसता सुचतं.

कागद कुणी लिहायचा असा प्रश्न आला, तेव्हा मामा माझ्याकडे वळले. "ताई शाळेत शिकवतेत ना? त्यांनाच लिहू द्या. अक्षर लई देखणं हाय म्हणं."

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. माझं फळ्यावरचं अक्षर बघून तपासणीला आलेले साहेब थांबतात, आणि कुणी तेवढं कौतुक केलं की मला पुढचं काही दिसत नाही. मी चष्मा पुसला, पाटावर स्टॅम्प पेपर ठेवला आणि मामा सांगतील तसं लिहायला बसले.

मामांनी सांगितलं होतं, "थोडी हातापायी झाली असं लिवा." त्यांनी सांगितलं होतं, त्यांनी! मलाच ते बरं वाटेना. कागदावर असं गावठी कसं लिहायचं, चार लोक वाचतील, बाबांची मान खाली जाईल. मी लिहिलं, 'किरकोळ घरगुती कारणावरून शाब्दिक वाद झाला.' मामांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, भाषा आवडली. पुढचं वाक्यही मीच घडवलं. 'मी रागाच्या भरात माहेरी निघून आले, यापुढे असे होणार नाही.' म्हणजे मार तिनं खाल्ला आणि माफीही तिनंच मागितली.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, कानाचं लिही ना."

"अगं, उद्या तुलाच तिथं नांदायचंय," मी म्हणाले, आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं सही केली. साक्षीदार म्हणून खाली मी केली, चांगली लफ्फेदार.

आठ महिन्यांनी त्यानं तिला पुन्हा मारलं आणि घराबाहेर काढलं. या वेळी मुलीला ठेवून घेतलं. बहीण आम्हाला न विचारता सरळ पोलिसांत गेली, मग कोर्टात. घटस्फोट मागितला आणि मुलीचा ताबा. तारखांवर तारखा पडत राहिल्या. तोवर महिन्यातून दोनदा, कोर्टातल्या एका खोलीत, तासभर मायलेकींची भेट व्हायची. मुलगी आपसूक आईच्या उजव्या बाजूला बसायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तो फुटलेला कान मी पाहिला होता, म्हणून मला साक्षीला बोलावलं. त्याच्या वकिलांनी तोच कागद माझ्यापुढे धरला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यात मारहाणीचा उल्लेख दाखवा."

"नाही त्यात."

"ही बाई रागाच्या भरात घर सोडून जाते, असं मात्र आहे. अशा आईकडे मूल द्यायचं?" मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "की तुम्ही खोटं लिहिलंत? शिक्षिका आहात ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. मागच्या बाकावर जावई पायावर पाय टाकून बसला होता. मला माझी अब्रू किती प्यारी आहे ते त्याला पक्कं माहीत होतं. माझं डोकं फिरलं.

"हो, खोटं लिहिलं," मी म्हणाले. "यांचे मामा हातापायी म्हणाले होते, तेसुद्धा मी लिहिलं नाही. ती रागाच्या भरात आली नव्हती, कान फुटला म्हणून आली होती."

न्यायाधीश बाईंनी मला आवाज कमी करायला सांगितला. मग त्यांनी स्वतः एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. पुढे मामांची साक्ष झाली, तेव्हा त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही. न्यायाधीश बाई मुलीशी एकटीशी बोलल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. निकालात मुलगी आईला मिळाली.

बहिणीनं आता मुकुंदवाडीत खोली घेतली आहे. ती कंपनीत पॅकिंगला जाते, संध्याकाळी येते. मुलीची शाळा दुपारी सुटते आणि माझीही. मी पेढे घेऊन गेले आणि म्हणाले, "दुपारी माझ्याकडे राहू दे तिला."

"नको. शेजारच्या आजी बघतेत."

"परक्या बाईकडे ठेवशील? मी सख्खी मावशी आहे तिची."

"म्हणूनच नको," ती डबा घासत म्हणाली. "उद्या तिला कुणी मारलं अन् तिनं तुला येऊन सांगितलं, तर काय करशील?"

मला ते फार झोंबलं. "कोर्टात भरल्या लोकांत मी स्वतःला खोटारडी म्हणवून घेतलं," मी ओरडले. "ते काय उगाच?"

"जज्ज बाईंनी विचारलं तवा बोललीस," ती म्हणाली. "मी म्हणलं तवा नाय."

पेढे तिनं ठेवून घेतले. मुलगी रोज दुपारी त्या आजींकडेच असते.